न उघडलेल्या खोक्याविषयी

अनगोळ, बेळगाव
रविवार

प्रिय मधुवंती,

अनेक आशीर्वाद. तुझा दोन ओळींचा निरोप पोहोचला. आईने न उघडलेला यंत्रमानवाचा खोका पुण्याला पाठवावा, तुझ्याकडे बोटांच्या व्यायामासाठी येणाऱ्या एका रुग्णाला तो उपयोगी पडेल, असे तू लिहिले आहेस. नवशिक्या माणसाला तो जमेल का, असेही विचारले आहेस. या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. तंत्रनिकेतनात तीस वर्षे यंत्रारेखन शिकवलेल्या माणसाला तेवढेच सोपे आहे.

संच नवशिक्यांसाठी योग्य आहे. प्लास्टिकचे सुटे भाग चौकटींना बारीक देठांनी जोडलेले असतात. ते कापून काढायचे आणि एकमेकांत दाबून बसवायचे. डिंक लागत नाही, रंगही लागत नाही. भाग जागी बसला की 'टक्' असा आवाज येतो, त्यामुळे मनात शंका उरत नाही. दोष दोन आहेत. कापल्या जागी देठाचा खुंट राहतो, तो बोटाला बोचतो. आणि पुस्तिकेतली चित्रे माझ्या वयाच्या डोळ्यांना फार लहान आहेत. केवळ पुस्तिका वाचून मत देणे बरोबर नव्हे, म्हणून मी तसाच एक संच मागवून जोडून पाहिला. यंत्रमानवाच्या एका हाताला मला पन्नास मिनिटे लागली. माझे दोन्ही हात धड आहेत.

आता त्या खोक्याविषयी. मागच्या महिन्यात तुझा निरोप आला, त्याच दिवशी पाठवून द्यावा म्हणून मी तो कपाटावरून खाली घेतला, तर आत काही खडखडले. चिकटपट्टी एकदा सोडवून पुन्हा लावलेली होती, शिवणीसारखी सरळ. आत यंत्रमानव होता. डोके, धड, दोन्ही हात. पाय नव्हते, दोऱ्याच्या रिकाम्या रिळावर त्याला बसवले होते. मालुबाईला विचारले, तर भांडी घासता घासता ती म्हणाली, "बाईंनीच खाली काढाय लावलतं, सर. तुम्ही वाचनालयात गेलासा की मांडून बसायच्या. सरांस्नी सांगू नगं, हसतील, म्हणायच्या." मग नळ बंद करून म्हणाली, "आन् हसला असतासाच की."

तिचे म्हणणे खरे आहे. तू पाठवलेले पार्सल आले त्या दिवशी मी म्हणालो होतो की पक्षाघात झालेल्या बाईला औषध हवे, खेळणे नको. खोका कपाटावर ठेवणाराही मीच.

त्या यंत्रमानवाचे हात उलटे बसले आहेत, उजवा डावीकडे आणि डावा उजवीकडे. कारण सापडायला मला दोन दिवस लागले. तुझी आई सदलग्याच्या कन्नड शाळेत शिकलेली. ब्लाऊजच्या बाह्या बेतताना ती खडूने 'ए' आणि 'ब' लिहीत असे. एड म्हणजे डावी, बल म्हणजे उजवी. संचाच्या चौकटींवर इंग्रजी ए आणि बी छापलेले आहे. तिने 'ए'मधला हात डावा धरला. तो उजवा आहे. तुझ्या रुग्णाला हे आधीच सांग. आपल्या भागातला असेल, तर नक्की चुकेल.

चूक सुधारावी म्हणून मी पकड घेऊन बसलो. हात उलटे बसल्यामुळे त्याचे तळवे बाहेर वळले आहेत. मी काही चूक दाखवली की ती कणकेचे हात असेच बाहेर वळवून "असू द्या हो" म्हणत असे. मी पकड ठेवून दिली.

मग भिंग घेऊन केवळ काप तपासले. पहिल्या हाताचे काप दातेरी आहेत, दुसऱ्या हाताचे बरे, आणि डोक्याचे इतके सफाईदार की माझे तसे आलेले नाहीत. तिची बोटे सुधारत होती, मधुवंती. दुसरा झटका येईपर्यंत सुधारत होती. तुझा उपाय बरोबर होता. मी रोज तिच्यासमोर बसून जेवत होतो आणि मला ते दिसले नाही.

तेराव्याच्या दिवशी तू कपाटावरच्या खोक्याकडे पाहून मला विचारलेस आणि मी म्हणालो, "उघडलासुद्धा नाही तिने. मी सांगितलेच होते." तू संध्याकाळच्याच गाडीने गेलीस, आणि त्यानंतर सहा महिने आपल्यात कामापुरते निरोप आहेत. ते वाक्य खोटे होते. तेव्हा मला ते ठाऊक नव्हते, हा बचाव मी घेत नाही. कारण मी ते आपलेच खरे ठरवण्यासाठी बोललो होतो. ते आज लेखी मागे घेतो आणि तुझी क्षमा मागतो. तुझ्या रुग्णासाठी नवा संच वेगळा पाठवला आहे. तो न उघडलेला आहे, याची या वेळी खात्री केली आहे. आईचा मात्र पाठवता येणार नाही. पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर तिने पेन्सिलने लिहिले आहे, "पायाला जोर लागतो. पाय मधू आली की." पायांची पिशवी बंदच आहे. मी तिला हात लावलेला नाही. तू ये.

तुझाच,
आप्पा