घाटापलीकडचे श्रोते

माकणी, ता. लोहारा
सोमवार, १२ जानेवारी २०२६

आदरणीय निकिताताई,

नमस्कार. बालाघाट रेडिओवरची तुम्ही सगळी मंडळी खुशाल असाल. आम्ही इथं ठीक आहोत. थंडी मात्र यंदा सोडायला तयार नाही. धरणावरून वारं सुटलं की ज्वारीची कणसंसुद्धा मान खाली घालतात.

तुमची 'रविवारची चिठ्ठी' आमच्याकडे दर रविवारी दहा वाजता न चुकता लागते. सासूबाई भाकरी थापता थापता तुमच्याशी बोलतात. तुम्ही "कशा आहात मैत्रिणींनो" म्हणालात की त्या "बरी हाय बाई, तू कशी हाईस" म्हणून मोकळ्या होतात. तुम्ही उत्तर देत नाही याचा त्यांना जरा रागच आहे.

विनंती एवढीच की काल तुम्ही माकणीची एक फर्माइश वाचलीत. चार नावं होती. ती चिठ्ठी सासूबाईंनी आम्हाला न विचारता शेजारणीकडून लिहून घेऊन पाठवली होती. यापुढं आमच्या नावाचं काही आलं तर कृपा करून वाचू नका. बुधवारी दुपारी तुम्ही तोच कार्यक्रम पुन्हा लावता, त्यातून आमची नावं काढता आली तर फार बरं होईल. कारण विशेष काही नाही. घरगुती आहे.

आणखी एक सहज विचारते. घाटाच्या कडेला तुमचा नवा मनोरा उभा राहिला, आता भूम-परंड्यापर्यंत ऐकू येईल असं तुम्ही सांगता. ते खरंच ऐकू येतं का? की नुसतं सांगायचं म्हणून? माझे यजमान रेडिओ-मोबाइल दुरुस्त करतात. ते म्हणतात, एफएम सरळ रेषेत चालतं, डोंगर आडवा आला की संपलं. परंडा तर घाटाच्या खाली. म्हणून विचारलं.

उत्तर पोस्टानं पाठवू नका. आमचा पोस्टमन नाव घेऊन रस्त्यावरूनच हाक मारतो आणि गल्ली गोळा होते. आणि ते फर्माइशीचं कार्ड अजून तुमच्याकडे असेल तर फाडून टाका.

आपली,
एक श्रोता


माकणी
रविवार, २५ जानेवारी २०२६

निकिताताई,

नमस्कार. बुधवारच्या कार्यक्रमात आमची नावं पुन्हा आली. त्याचा राग नाही. माझं पत्र तुमच्या हातात पडायच्या आतच तो लागला असणार.

मागच्या पत्रात मी तुमच्याशी खोटं बोलले. सासूबाईंवर नाहक आळ घेतला. कार्ड मी लिहिलं होतं. आणि मनोऱ्याचं मला काही माहीत नव्हतं असं दाखवलं, तेही खोटं. तुम्ही डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी पहिल्यांदा "परंड्याच्या श्रोत्यांनो" म्हणालात, त्याच दुपारी मी कार्ड लिहिलं. पाच दिवस उशीखाली ठेवलं. मग पेटीत टाकलं, आणि टाकल्यावर हात घालून बाहेर काढता येतं का तेही बघितलं. मनगटापर्यंतच जातो.

आता सगळं सांगते, कारण मला तुमच्याशिवाय विचारायला कुणी नाही.

माझं माहेर परंडा. माझे वडील बब्रुवान, त्यांना आम्ही अण्णा म्हणतो. आई, विठाबाई, मी नऊ वर्षांची असताना गेली. त्यानंतर अण्णांनी दोनच गोष्टी जिवापाड सांभाळल्या, मी आणि रेडिओ. माळवदापासून लिंबाच्या झाडापर्यंत तांब्याची तार ओढलेली आणि खाली धुण्याच्या दगडाजवळ अर्थिंगची सळई पुरलेली. जमीन ओली असली की खरखर कमी होते, म्हणून बातम्यांच्या आधी सळईवर तांब्याभर पाणी ओतायचं काम माझं. सोलापूर स्वच्छ लागायचं, दिवस मावळला की पुणं यायचं, आणि मधूनच कलबुर्गीचं कानडी सगळ्यांना ढकलून पुढं घुसायचं. अण्णांना कानडीचं ओ की ठो कळत नव्हतं, तरी ते मान डोलावत ऐकायचे. जिल्ह्याच्या ठिकाणचं एफएम तेवढं कधी लागलं नाही. "आपल्याच जिल्ह्याचं आपल्याला ऐकू येत न्हाय, घाट आडवा पडलाय," म्हणायचे.

फर्माइशी पाठवायचा त्यांना नाद. नावांची यादी ठरलेली: परंड्याहून बब्रुवान, इंद्रजित, हर्षाली आणि सर्जेराव. हर्षाली म्हणजे मी, इंद्रजित माझा थोरला भाऊ. आणि सर्जेराव आमचा कुत्रा. सोलापूरच्या निवेदकांनी वर्षानुवर्षं त्याचं नाव अदबीनं घेतलं. दादाला त्याची लाज वाटायची. "लोक हसत्यात," म्हणून भांडायचा. अण्णा म्हणायचे, "त्यो बी ऐकतो की. तुझ्यापरास ध्यान देऊन ऐकतो."

त्याच रेडिओच्या दुरुस्तीपायी शांतलिंग आमच्या घरी आले. परंड्यात त्यांचं भाड्याचं दुकान होतं. पुढचं सांगायला नको. जात वेगळी, आणि दादाच्या डोक्यात जातीशिवाय दुसरं काही मावत नाही. अडीच वर्षांपूर्वी आम्ही सोलापुरात नोंदणी लग्न केलं. चौथ्या दिवशी दादानं यांचं दुकान फोडलं, लोकांचे दुरुस्तीला आलेले रेडिओ-टीव्ही रस्त्यावर काढले आणि पेटवून दिले. मग मला फोन केला. ओरडला नाही, म्हणूनच ते शब्द डोक्यातून जात नाहीत. "आमच्या लेखी तू मेलीस. सापडलीस तर खरं करून दावीन." मी तेव्हाच सिमकार्ड मोडलं. नवा नंबर परंड्यात कुणाकडे नाही. तुम्हालाही फोन करत नाही तो त्यामुळंच.

इथं यांच्या आईकडे आलो. त्यांचं नाव उमादेवी, मी अव्वा म्हणते. यांनी घाटाचं आणि एफएमचं समजावून सांगितलं तेव्हा मला वेड्यासारखा आनंद झाला होता. जिथून अण्णांच्या रेडिओला काही ऐकू जात नाही त्या बाजूला मी आहे, म्हणजे सुरक्षित आहे, असं काहीतरी मनानं घेतलं.

पण मिडियम वेव्हला घाट अडवत नाही. सोलापूर इथंही लागतं. अडीच वर्षं मी तिथं अण्णांची यादी ऐकली. बब्रुवान, इंद्रजित आणि सर्जेराव. कुत्र्याचं नाव राहिलं, माझं गेलं. ताई, मी किती वेळा चुलीपुढं बसून रडले ते अव्वांना माहीत आहे. धूर गेला असं मी सांगायचे आणि त्या हो म्हणायच्या.

नोव्हेंबरात मला मुलगी झाली. तिचं नाव विठाई ठेवलं. माझ्या आईचं नाव घरात परत आलं हे अण्णांना कळावं, एवढीच इच्छा होती. म्हणून ते कार्ड. एकाच रेडिओपुढं बसणाऱ्या दोघांपैकी एकालाच ऐकू जावं, दुसऱ्याला नाही, अशी माझी अपेक्षा. स्वतःला शहाणी समजणाऱ्या बाईचा हा गाढवपणा. पण नावं तुमच्या तोंडून ऐकली तेव्हा मी ती एकेक करून बोटांवर मोजली. गावाचं नाव, नवऱ्याचं नाव, सासूचं नाव, लेकीचं नाव. मीच सगळा पत्ता दिला होता.

गेल्या गुरुवारी मोटारसायकलवर दोन माणसं दुकानात आली. चार्जर घेतला आणि जाताना विचारलं, "हितं परंड्याची पोरगी दिलीया म्हणं, कुठलं घर?" अव्वा बाहेरच बसल्या होत्या. म्हणाल्या, "आमच्यात परंड्याची कुनी न्हाय. माझी सून विजापूरची हाय." माणसं हसली. त्यातल्या एकानं आमच्या दाराकडे बघितलं. तेव्हापासून मी विठाईला घेऊन माजघरातच बसते. ती रडली की तिच्या तोंडावर हात ठेवावासा वाटतो. आपल्याच लेकराच्या आवाजाची भीती वाटणं काय असतं ते कुणाच्या वाट्याला येऊ नये.

आणि आज तुम्ही परंड्याचं कार्ड वाचलंत. "बब्रुवान, इंद्रजित, हर्षाली, विठाई आणि सर्जेराव. तीन तारखेच्या मंगळवारी तुळजापूरला दर्शनाला येतोय. दहा वाजल्यापासून महाद्वारापाशी बसू."

माझं नाव होतं. विठाईचं होतं. मी उठून रेडिओला हात लावला, तापला होता.

हे अण्णांनी लिहिलं असेल तर मी रांगत तुळजापूरला जाईन. दादानं लिहिलं असेल तर तो आम्हाला हेरून बोलावतोय. शांतलिंग म्हणतात, जायचं नाही. तुमच्या आवाजात अक्षर दिसत नाही, ताई. तुम्ही सगळ्यांच्या चिठ्ठ्या सारख्याच गोड वाचता.

म्हणून हात जोडून सांगते, ते कार्ड काढून बघा. अण्णा आधी पट्टीनं पूर्ण रेघ मारतात आणि मग दोरीवर कपडे वाळत घालावेत तशी अक्षरं तिला लटकवतात. दादा डोक्यावर रेघ देतच नाही आणि पेन इतकं दाबतो की मागून हाताला लागतं. अण्णांचं अक्षर असेल तर येत्या रविवारी कार्यक्रमाच्या सुरुवातीला सनई लावा. नसेल तर बासरी. तोंडानं काही बोलू नका.

तुमची,
हर्षाली


माकणी
रविवार, ८ फेब्रुवारी २०२६

निकिताताई,

एक तारखेला तुम्ही बासरी लावलीत. कधी नव्हे ती पुरी वाजवलीत, मधे तोडली नाहीत. मला वाटतं, माझी कुठं चूक व्हायला नको म्हणून. शांतलिंगनी उठून दाराला आतून दुसरी कडी बसवायला घेतली.

मंगळवारी आम्ही गेलो नाही. सकाळी तुळजापूरची बस स्टँडवरून सुटली, तिची घंटी घरात ऐकू आली. दिवसभर मी अंग चोरून बसले. दहा वाजले, बारा वाजले, प्रत्येक तासाला मी मनात महाद्वारापाशी जाऊन बघून येत होते. तिथं मला दर वेळी दादाच दिसत होता.

आज तुम्ही त्याचं दुसरं कार्ड वाचलंत. वाचताना तुमचा आवाज एकदा अडखळला. मी शब्द न् शब्द लिहून घेतला, कारण पुन्हा पुन्हा वाचल्याशिवाय मला त्यातलं खरं-खोटं कळणार नव्हतं.

"परंड्याहून इंद्रजित. मंगळवारी सांजेपर्यंत महाद्वारापाशी बसलो. अण्णांना गाडी करून आणलं होतं. दिवाळीपासून त्यांचा उजवा हात चालत नाही, मागलं कार्डबी त्यांनी सांगितलं तसं मीच लिहिलं. माकणीला माणसं मीच धाडली होती. दोरीवर झबली वाळत होती म्हणाली. सर्जेराव श्रावणात गेला, तरी अण्णा त्याचं नाव गाळू देत नाहीत. गाणं कुठलंही लावा."

माफी मागितलेली नाही. दुकान फोडून लोकांचे रेडिओ पेटवल्याचा शब्द नाही. माणसं का धाडली तेही सांगितलेलं नाही. हे वाचून माझी भीती कमी झाली असं समजू नका. हे लिहिता लिहिता मी दोन्ही कड्या दोनदा बघून आले.

पण मला एक गोष्ट सुटत नाही. मला फसवायचं असतं तर दादानं "सर्जेराव वाट बघतोय" असं लिहिलं असतं. मेलेल्या कुत्र्याचं नाव स्वतःच्या हातानं यादीत लिहायचं, आणि ते सगळ्या जिल्ह्याला सांगायचं, हे त्याच्या स्वभावात नाही. ते अण्णांनीच त्याच्याकडून करून घेतलं असणार. तसंच माझं नावही. ज्या हातानं पेटवलं त्याच हाताकडून अण्णांनी 'हर्षाली' लिहून घेतलं. आणि मी त्यांना दिवसभर दगडावर बसवून ठेवलं. चालत नसलेला हात मांडीवर घेऊन अण्णा बसले असतील, येणाऱ्या प्रत्येक बाईकडे बघत.

कदाचित माझा समज चुकीचा असेल. शांतलिंग म्हणतात, माणूस अडीच वर्षांत बदलतो, तसा हुशारही होतो. त्यांचंही खरं आहे. म्हणून आम्ही तिघांनी बसून ठरवलं ते असं.

तुळजापूरला जायचं नाही, गर्दीत कोण कुणाचं नसतं. त्यांनी इथं यावं. रविवारी, बावीस तारखेला, सकाळी दहा वाजता, आमच्या दुकानापुढं, तुमचा कार्यक्रम चालू असताना. शांतलिंग दुकानातले सगळे रेडिओ रस्त्याकडे तोंड करून लावणार आहेत. अव्वांनी गल्लीतल्या बायकांना आत्तापासूनच बोलावून ठेवलंय. मी विठाईला घेऊन पायरीवर बसेन, माजघरात नाही.

पहिल्या पत्रात मी तुम्हाला नाव वाचू नका म्हणाले होते. आता उलटं मागते. नाव लपवून राहिले तेव्हा मी एकटी होते, आणि एकट्या बाईचं काय झालं हे कुणी विचारत नाही. आता परंड्यापासून माकणीपर्यंत सगळ्यांना माहीत असू दे की हर्षाली नावाची बाई या दिवशी, या वेळी, या दारात आपल्या भावाची आणि वडलांची वाट बघत बसली आहे. पंधरा तारखेला हे पत्र कार्यक्रमात वाचा, रेडिओ पेटवल्याच्या ओळीसकट. दादाला ऐकू जाऊ दे. अण्णांना ऐकू जावं म्हणून कुणीतरी त्यांच्या सळईवर तांब्याभर पाणी ओता. एफएमला त्याचा काही उपयोग नाही हे मला माहीत आहे, पण त्यांना बरं वाटेल.

एक मार्चच्या रविवारी माझं कार्ड तुमच्याकडे नसेल, तर ताई, तुम्ही गप्प बसू नका. तुमच्या त्याच आवाजात सगळ्यांना विचारा, माकणीची हर्षाली कुठं आहे.

आणि बावीस तारखेची फर्माइश आत्ताच लिहून ठेवते. गाणं कुठलंही लावा. नावं मात्र सावकाश वाचा, एकही गाळू नका.

माकणीहून विठाई, हर्षाली, शांतलिंग, उमादेवी.
परंड्याहून बब्रुवान आणि इंद्रजित.
आणि सर्जेराव.