दिवस गेले, पण कुणाला?

परभणी,
दिवाळीनंतरचा सोमवार, १९८६

तीर्थरूप आत्याबाईंच्या पायांवर डोकं ठेवून धाकट्या सुनेचा, सत्यशीलेचा नमस्कार. (पायांवर डोकं ठेवणं मला तत्त्वतः मान्य नाही, पण आत्याबाईंच्या पायांपुरता ठराव मी दुरुस्त करून घेतला आहे.) तुमचे गुडघे कसे आहेत? तेल रोज लावता की आठवण येईल तेव्हा? कपिला व्यायली का? इकडे आम्ही दोघं ठीक आहोत, निदान तुमचे चिरंजीव तरी आहेत. माझं काय झालं ते सांगायलाच हे पत्र.

पोखर्णीच्या घरात वाचता येणारे एकटे मामंजी, तेव्हा हे पत्र तेच तुम्हाला वाचून दाखवणार. संक्रांतीला गावातल्याच सभेत मी विद्यापीठाच्या नामांतराच्या बाजूने बोलले, तेव्हापासून त्यांनी आमचा उंबरा ओलांडलेला नाही आणि माझ्याशी अवाक्षर काढलेलं नाही. म्हणून मी वाटणी केली आहे: मजकूर तुमचा, कंस त्यांचे. (मामंजी, कंस मनातल्या मनात वाचावेत. पहिला मोठ्याने वाचून झाला असेल, तर त्याला आता इलाज नाही.)

तर ताडकळसला बाजाराच्या दिवशी आमची सभा होती. मंचाच्या एका अंगाला हाताची घडी घालून उभे असलेले नाराज पुरुष, दुसऱ्या अंगाला भज्यांची गाडी, आणि समोर बाजार उरकून टेकलेल्या बायका. माझ्या भाषणाचा शेवट तुम्हाला पाठच आहे. माणसाला नावावरून हिणवण्याचे दिवस गेले, बाईला दाराआड उभं करण्याचे दिवस गेले, असं एकेक पायरी चढत मी शेवटी मूठ उंचावून नुसतंच म्हणते, दिवस गेले! त्या दिवशी मूठ वर गेली, आणि नेमका त्याच क्षणी गाडीवर भज्यांचा नवा घाणा पडला. तेलाचा तो वास नाकात शिरला आणि माझ्या पोटातलं सगळं घशाशी आलं. मी माईकचा दांडा धरला आणि गप्प उभी राहिले. लोकांना वाटलं, बाईंचा कंठ दाटला. टाळ्या पडल्या. घडीवाल्यांपैकी एकाने घडीसुद्धा सोडली. आजवर शब्दांनी जे झालं नाही ते मळमळीने झालं. (मामंजी, ‘आधी बोलायचं कुठं थांबावं ते शीक’ असं तुम्ही म्हणाला होतात. शिकले.)

मंचामागे जाऊन मी मोकळी झाले. पाठीवर एक हात फिरत होता. पाहिलं तर बाजारात चिंचा विकणाऱ्या दगडाबाई; सभेत समोर पहिल्याच रांगेत बसल्या होत्या. म्हणाल्या, "दिवस गेले, दिवस गेले म्हनून येवढं वरडायलीस पोरी, पर कुनाला गेले ते सांगायचंच राह्यलं की."

मी त्यांना समाजपरिवर्तनाचा अर्थ समजावू लागले. त्यांनी माझं तोंड हनुवटीला धरून उजेडाकडे वळवलं. "ते असू दे. तुलाच गेलेत," म्हणाल्या आणि चिंचेचा गोळा हातात ठेवला. तो मी एसटी सुटण्याआधीच संपवला.

मला वाटत होतं, हे पित्त. (वक्त्यांना पित्ताखेरीज काही होत नाही अशी माझी समजूत होती.) इथल्या डॉक्टरीणबाईंनी तपासून दगडाबाईंच्याच बाजूने कौल दिला. म्हणाल्या, हे असं अजून काही आठवडे चालेल, घाबरू नका. पोट रिकामं ठेवायचं नाही, थोडं थोडं खायचं, अंथरुणातून उठण्याआधी काहीतरी कोरडं चावायचं. म्हणून उशाशी ज्वारीच्या लाह्या असतात. मनाने कुठलंही औषध घ्यायचं नाही. आणि रक्त दिसलं किंवा पोटात कळ आली तर वाट न पाहता यायचं. हे शेवटचं त्यांनी दोनदा सांगितलं. मी पुढचा विषय घेते.

झोप. बसल्या जागी येते. परवा कार्यकारिणीच्या बैठकीत मी डुलकी घेतली आणि उठून पाहते तो माझा प्रस्ताव एकमताने मंजूर. रडूही कशानेही येतं. रॉकेलच्या रांगेत एका बाईने मला पुढे घेतलं म्हणून मी रडले. त्याच बाईशी मागच्या महिन्यात मी रांगेवरूनच भांडले होते. फोडणी तर घरातून हद्दपार आहे. तुमचे बन्सीधर (नाव घेते आहे, लाजायचेही दिवस गेले) मुकाट बिनफोडणीचं वरण खातात. चंदनाचा साबण मी अंगणात फेकला, तर त्यांनी तो उचलला आणि शेजाऱ्यांना देऊन आले.

आणि खरा जाच हाच आहे, आत्याबाई. या घरात माझ्याशी कोणी वादच घालत नाही. मी काहीही बोलावं, तुमचे चिरंजीव म्हणतात, "खरं हाय तुझं." परवा परीक्षा पाहायला म्हटलं, निजामाचाच काळ बरा होता. तरी मान हलवली! (मामंजी, बसा. पाणी प्या. तुम्ही ज्यासाठी तुरुंगात गेलात ते मी विसरलेले नाही. नुसतं बोलून पाहिलं.) विरोधकच नसेल तर वक्त्याने करायचं काय? त्यातून मला शोध लागला आहे की मळमळ थांबते ती फक्त कडाडून वाद चालू असताना. डॉक्टरीणबाईंना सांगितलं तर त्या हसल्या आणि लाह्यांवरच भर द्या म्हणाल्या.

कपिलेच्या पाठीवरून माझा हात फिरवा. तीन महिने होईपर्यंत कुठे बोलायचं नसतं, हे तुमचं म्हणणं मला ठाऊक आहे. पण ताडकळसचा बाजार आधीच बोलतो आहे, त्याला माझा नाइलाज आहे.

तुमची,
सत्यशीला

ता. क. येताना अंबाडीची भाजी आणा. इथली आंबट लागत नाही.

ता. क. वर ‘येताना’ म्हणाले, म्हणजे तुम्ही येणार हे मी धरूनच चालले आहे. एकट्या एसटीने येऊ नका, गुडघे दुखतील. सोबत कोणीतरी हवं.

ता. क. (मामंजी, एवढा एकच कंस मोठ्याने वाचा. गेल्या साली दुसऱ्याच महिन्यात सगळं संपलं, तेव्हा दवाखान्याच्या फाटकाशी डबा धरून तुम्ही दुपारभर उन्हात उभे होतात. यंदा मला भीती वाटते. सभेत वाटत नाही, घरी वाटते. दोघंही या. मत बदलून येऊ नका, आहे तेच घेऊन या.)