चिरंजीवांची पटाशी

ता. ३ फेब्रुवारी

ती. बाबांना,
शि. सा. न. वि. वि.

आठ दिवसांसाठी म्हणून तुम्ही ताईंकडे गेलात, त्याला परवा चार महिने झाले. इकडे सगळं ठीक आहे, दार सोडून. त्या मशीनवाल्याने दहा मिनिटांत ते खालून इतकं तासलंय की शेजारचं मांजर आता मान ताठ ठेवून आत येतं. हे म्हणतात, हवा खेळती राहते. चूक कबूल करायची नाही हा तुमच्याकडचाच गुण, म्हणून मी काही बोलत नाही.

पत्राला कारण म्हणजे, यांनी पटाश्या घेतल्या. चार पटाश्यांचा संच, पिवळ्या मुठी, मखमलीचं खोकं. स्वयंपाकघरातल्या कपाटाची बिजागरी निखळलीय, तिच्यासाठी नवी खाच पाडायची आहे. पण पटाशी लाकडात शिरेचना. दुकानदार म्हणाला होता की कोऱ्या मालाची धार काय बघायची. मग यांनी सुरीला लावतात तशी दोन्ही बाजूंनी धार लावली. आता ती साबणाची वडीसुद्धा कापत नाही. काय करावं ते कळवा. घरी कधी येताय तेही कळवा.

लोभ असू द्यावा, दारावरचा राग माझ्यावर नसावा.
तुमची सूनबाई


ता. ९ फेब्रुवारी

चि. सौ. सूनबाईस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पटाशीविषयी मला काहीही सांगायचं नाही. सुताराच्या घरात जन्मून ज्याने चाळीस वर्षांत कधी रंध्याला हात लावला नाही, त्याला पत्रातून काय शिकवणार? तरी कागद उरलाय म्हणून लिहितो.

दुकानातून येते ती पटाशी नव्हे, पटाशी होऊ शकेल असं पोलाद. आधी तिची सपाट पाठ दगडावर पूर्ण टेकवून घासायची, स्वतःचं तोंड दिसेपर्यंत. मग पुढचा उतार, एकाच कोनात, मनगट न हलवता. पाठीमागे नखाला बारीक किनार अडकली की पाठ पुन्हा एकदा टेकवायची, किनार निघून जाते. धार नेहमी उताराच्या बाजूने. दोन्ही बाजूंनी लावणारा माणूस माझ्या हाताखाली असता तर त्याला मी आठवडाभर नुसता भुसा झाडायला लावला असता. मखमलीचं खोकं कुणालातरी देऊन टाकावं.

घरी येण्याचं म्हणशील तर, दार मी करतोच म्हणालो होतो. तीन आठवडे हत्यारांना धार लावत होतो, ती काही गंमत म्हणून नव्हे. मी भाजी आणायला गेलो असताना चिरंजीवांनी मशीन बोलावलं. ज्याला माझी गरज नाही असं दिसलं, त्यानेच बोलवावं. तू बोलावून मी येणार नाही, वाईट वाटून घेऊ नकोस.

पटाश्या त्याने आपणहून घेतल्या का? सहज विचारतो.

लोभ आहेच, तो धारेसारखा रोज लावत जावा.
बाबा


ता. २० फेब्रुवारी

ती. बाबांना,
शि. सा. न. वि. वि.

हो, आपणहून.

तुमचं पत्र येण्याआधी एक पटाशी कामातून गेली होती. चाकाच्या यंत्रावर धरली, तर टोक निळं झालं. रंग छान दिसत होता म्हणून दुसरीही धरली. उरलेल्या दोनांपैकी एकीची मूठ लोखंडी हातोड्याने फुटली, आणि तिनेच नंतर रंगाच्या डब्याचं झाकण उघडलं. शेवटची मात्र तुम्ही सांगितलं तशी घासतोय. म्हणजे घासताहेत. परवा पाठीत नाकाचा शेंडा दिसला. एका बोटाला पट्टी आहे, पण उत्साह दांडगा.

आता खाचेचा तळ सपाट कसा ठेवायचा ते लिहा. आमचा तळ म्हणजे वाळलेलं डबकं झालंय.

माया पातळ होऊ देऊ नये.
सूनबाई


ता. २६ फेब्रुवारी

चि. सौ. सूनबाईस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

निळं झालं म्हणजे पोलादाचं पाणी उतरलं, ते मऊ पडलं, आता धार टिकणार नाही. अशा मी उमेदवारीत पाच घालवल्या होत्या, पण हे त्याला सांगू नकोस. खाचेच्या कडा आधी आखून कापून घ्याव्यात. मग हातोडा ठेवून द्यावा आणि दोन्ही हातांनी ढकलत पातळ पापुद्रे काढावेत. घाईचं काम नाही. मूठ ठोकायला लाकडी मोगरी घ्यावी.

तुझी नणंद माझी चेष्टा करते. म्हणते, बाबा पोस्टमनच्या आधी फाटकात उभे असतात. असतोच. बागेत बसणाऱ्या मंडळींना तुझं पत्र वाचून दाखवलं. चाळीस वर्षं लोक विचारत होते, पुढे धंदा कोण चालवणार, आणि मी आकाशाकडे बघत होतो. धंदा नाही चालवला तरी चालेल. त्याला धार लावावीशी वाटली, यानेच मला दोन घास जास्त जातात.

जावईबापू कामानिमित्त तिकडे येणार आहेत. त्यांच्याबरोबर ती शेवटची पटाशी पाठव. बघू दे, पोराचा हात कसा पडतो.
बाबा


ता. ५ मार्च

ती. बाबांना,
शि. सा. न. वि. वि.

सोबत पटाशी. फार बारकाईने बघू नये ही विनंती. यांना ऑफिसच्या कामातून लिहायला सवड नाही.
सूनबाई


ता. ११ मार्च

चि. सौ. सूनबाईस,
आशीर्वाद.

चिरंजीव जेवतो डाव्या हाताने, लिहितो डाव्या हाताने, लहानपणी चेंडूही त्याच हाताने मारून आमच्या काचा फोडल्या. ही धार उजव्या हाताने लावलेली आहे. दाब कुठे पडलाय ते पटाशी लपवत नाही. शिवाय धीराने लावलेली आहे, तोही त्याचा नव्हे.

मला वाईट वाटलं. खोटं कशाला लिहू? बागेतल्या मंडळींना अजून सांगितलेलं नाही. पण धार उत्तम आहे. पाठ आरशासारखी आहे, माझ्या हाताखालच्या दोघातिघांनाच अशी जमली. तेव्हा यापुढे तुझ्या शंका तुझ्याच नावाने विचाराव्यात. त्याचं नाव घेऊ नये.

लोभ तुझ्यावर पूर्वीचाच.
बाबा


ता. १७ मार्च

ती. बाबांना,
सा. न. वि. वि.

मी क्वचित लिहितो, म्हणून अक्षर चालवून घ्यावं.

शेजारच्या काकू परवा सात कात्र्या घेऊन दारात उभ्या राहिल्या. मला म्हणाल्या, तुम्ही फार छान धार लावता असं कळलं. मी घरात विचारलं तेव्हा हिने तुमची सगळी पत्रं पुढ्यात ठेवली. बागेत वाचून दाखवल्याचं दोनदा वाचलं. फार लाजलो.

रविवारी त्या मूठ फुटलेल्या पटाशीला धार लावायला बसलो. ही उजव्या हाताने दाखवते, मी आरशात बघितल्यासारखं उलटं करतो, आणि मधेच गोंधळतो. दोन तास गेले. मग कपाटाची खाच कोरायला घेतली, ती इतकी मोठी झाली की बिजागरी आत पडून दिसेनाशी झाली. अंगठ्याला तीन टाके आहेत. काकूंच्या कात्र्या हिने केल्या.

दाराच्या वेळी तुम्ही तीन आठवडे दगडापाशी बसून होतात, तेव्हा मला वाटायचं, म्हातारा वेळ काढतोय. रोज समोरून ऑफिसला जात होतो. एकदा शेजारी बसून, काय करताय, एवढं विचारलं असतं तर पुरलं असतं. माझं चुकलं, बाबा. हिने लिहवून घेतलेलं नाही, ही भाजी आणायला गेली आहे.

डावखुऱ्याने पटाशी कशी धरायची ते पत्रातून कळणार नाही. शनिवारी पहिल्या गाडीने तुम्हाला न्यायला येतोय. मी पोचण्याआधी बागेत जाऊन मंडळींना काही सांगू नका. मी येतो तुमच्याबरोबर, अंगठा दाखवायला.

तुमचा
चिरंजीव