दोमितियाचे नाक

ओर्विएतो, ३ फेब्रुवारी
मामांचे रोमन कांस्य नाणे गंज सुटावा म्हणून तीन महिने ऑलिव्ह तेलात ठेवले होते, आज बाहेर काढले. सम्राज्ञीचा चेहरा अद्याप हिरव्या थराखाली आहे. आमच्या नाणेसंग्राहक मंडळाचे अध्यक्ष बाल्दुच्ची (व्यवसायाने औषधविक्रेते!) दुरूनच म्हणाले, "फाउस्टिना आहे हो, प्रोफेसर! पोत्यानं सापडतात." चाळीस वर्षे लॅटिन शिकवलेल्या माणसाने हे ऐकून घ्यायचे! ही दुसरीच सम्राज्ञी, दोमितिया आहे. तिची कांस्य नाणी अतिदुर्मीळ. १ मार्चच्या सभेत सिद्ध करीन.

५ फेब्रुवारी
नियम: साफसफाई केवळ गुलाबाच्या काट्याने. धातूचे हत्यार लावणारे ते रानटी.

९ फेब्रुवारी
काटे मोडतात. यंदाचे गुलाबच निकृष्ट. शिवणाची सुई घेतली. सुईला कोणी हत्यार म्हणत नाही. धाकटी बहीण ओर्तेन्सिया म्हणाली, "दादा, हिरवं खरवडतोयस की त्या बाईलाच?" तिचे शिक्षण अर्धवट राहिले, याचे वाईट वाटते.

१४ फेब्रुवारी
कपाळावर दोमितियाच्या कुरळ्या बटा उमटल्या! चौथी बट कालपर्यंत नव्हती. अर्थात, खोल दडलेली असणार. आता नाण्याला हात लावायचा नाही.

१५ फेब्रुवारी, सकाळी आठ
फक्त नाकाचे टोक.

दुपारी बारा
नाक बाकदार, निःसंशय दोमितियाचे. मात्र त्यापुढे हनुवटी विसंगत दिसते. तीही मोकळी करणे क्रमप्राप्त.

२२ फेब्रुवारी
आता शस्त्रक्रियेचे पाते वापरतो. नाणे हलके भरले. तराजू जुना आहे. डोळा सापडला. नजर बुद्धिमान, किंचित तुच्छतादर्शक. ओर्तेन्सिया किंचाळली, "अगं बाई, हा तर तूच! चष्मा तेवढा राहिलाय." उच्चकुलीन चेहऱ्यांत साम्य असायचेच.

१ मार्च
बाल्दुच्चींनी भिंगातून बराच वेळ पाहिले. गडी हरला, असे मी समजलो. मग ते अगदी हळू म्हणाले, "प्रोफेसर, नाणं अस्सल आहे. मागचा अंबाडा फाउस्टिनाचा. बाकी सगळं तुमचं." हसण्यात ओर्तेन्सियाचा आवाज सर्वांत मोठा होता.

४ मार्च
परवा मंडळाचे पत्र आले. ईस्टरच्या प्रदर्शनात रोमन नाण्यांच्या कपाटात जागा नाही. हस्तकला विभागात, श्रीमती तोत्सी यांच्या लोकरी टोप्यांशेजारी आहे. सोबत एक छापील तक्ता: कलाकाराचे नाव, निर्मितीचे वर्ष. दोन दिवस तो तसाच टेबलावर पडू दिला. आज भरला. अक्षर नेहमीप्रमाणे सुवाच्य आले.