दुकानातली खरी वेळ

प्रिय धाकट्या,

आज शनिवार, आणि भर दुपारी दुकानात चिटपाखरू नाही. उद्या सकाळी सगळ्या शहराची घड्याळं पुन्हा एक तास मागे जाणार, त्यामुळे लोक आजपासूनच स्टुलावर चढून घड्याळं उतरवायच्या उद्योगाला लागले असतील. मला तो उद्योग नाही. माझं घड्याळ हललंच नव्हतं. खिडकीजवळच्या, बाबांच्या खुर्चीत बसून मांडीवरच्या जुन्या मासिकावर कागद ठेवून लिहितोय, तेव्हा अक्षर वाकडं येणार. आपल्या दोघांत अक्षर तुझं चांगलं, असं बाबा गिऱ्हाइकांसमोर सांगायचे आणि मी त्या वेळी मुद्दाम कात्री जोरात वाजवायचो.

फोन न करता पत्र का, असं तुला वाटेल. एक तर चार महिने आपण बोललेलो नाही. दुसरं म्हणजे फोनवर तू मला मध्येच तोडून "जाऊ दे ना दादा" म्हणशील. तुझी ती सवय मला ठाऊक आहे. आणि तू तसं म्हटलंस की मी खरंच जाऊ देईन, हेही ठाऊक आहे.

परवाच्या घड्याळांच्या सुनावणीनंतर काल दुकानात नुसती रीघ लागली होती. ज्यांच्या डोक्यावर कापण्यासारखं काही उरलेलं नाही तेसुद्धा येऊन गेले. बेकरीवाला पिठाच्या हातांनीच आला, पाठीवर थाप मारून म्हणाला, "जिंकलात हो." शर्टावर पाच बोटं उमटली, तुझ्या वहिनीला दोनदा धुवावा लागला. औषधवाला आला. उन्हाळाभर तो एका हाताला जुन्या वेळेचं आणि दुसऱ्या हाताला नव्या वेळेचं घड्याळ बांधून हिंडत होता, कुठल्याही गिऱ्हाइकाला दुखवायला नको म्हणून. त्याने माझ्यासमोर एक घड्याळ सोडून खिशात टाकलं आणि आता मनगट हलकं झालं म्हणाला. मी सगळ्यांना हसून दाखवलं. आमच्या धंद्यात आरसा समोरच असतो, त्यामुळे हसू कसं दिसतंय ते लगेच कळतं. चांगलं दिसत नव्हतं.

सरकारने ही टूम काढली तेव्हा आपण दोघं इतके पेटू असं कुणाला वाटलं असतं? उन्हाळ्यापुरती घड्याळं तासभर पुढे करायची, म्हणजे संध्याकाळी कामावरून सुटल्यावर तासभर उजेड हाताशी राहील. एक उन्हाळा करून बघायचं आणि मग प्रत्येक शहराने हवं की नको ते कळवायचं. एवढीच तर गोष्ट. पण पहिल्या सुनावणीला सभागृहात खुर्च्या पुरल्या नाहीत. तू बस डेपोचा, वेळापत्रकं बनवणारा, तू 'हवं'च्या बाजूने उभा राहिलास. मी 'नको'च्या. एका आईची दोन लेकरं दोन माईकवर उभी, हा तमाशा बघायला अर्धं शहर आलं होतं.

माझा मुद्दा खोटा नव्हता, हे तुला आजही सांगेन. सकाळची पहिली दाढी खिडकीच्या उजेडात करायची, दिव्याखाली करायची नाही, हा बाबांचा नियम. दिव्याचा उजेड वरून पडतो, हनुवटीखाली सावली येते आणि वस्तरा सावलीत चुकतो. घड्याळ पुढे केलं तर पहिली तीन गिऱ्हाइकं अंधारात येणार. हे मी बोललो आणि लोकांना पटलंही. पण तेवढ्यावर थांबलो असतो तर मी मी कसला. तू म्हणाला होतास की तुझी बायको शिलाईच्या कारखान्यातून सुटते तेव्हा बंद गोदामांच्या रस्त्यावर अंधार असतो, तासभर उजेड मिळाला तर ती घाबरत घरी येणार नाही. त्यावर मी म्हणालो, "बायकोला आणायला सायकल घेऊन जा, त्यासाठी सूर्याला कशाला कामाला लावतोस?" सभागृह हसून हसून लोळलं. तू खाली बसलास. ती तिसऱ्या रांगेत बसली होती, ते मला बोलायच्या आधीच दिसलेलं होतं.

तरी उन्हाळ्याचा प्रयोग व्हायचा तो झालाच. ज्या सकाळी शहराची घड्याळं पुढे गेली त्याच सकाळी मी दारावर पाटी लावली, 'या दुकानात खरी वेळ चालते.' पाटी तुझ्यासाठी होती, तू डेपोला जाताना रोज इथूनच जातोस. शाळेतले मास्तर पहिल्याच आठवड्यात पायरीवर ताटकळले, मी माझ्या सातला दुकान उघडलं तेव्हा त्यांचे आठ वाजले होते, आणि शाळेची घंटा झाली तेव्हा त्यांचा एकच गाल झाला होता. तसेच गेले. पुन्हा आले नाहीत. अशी बरीच गिऱ्हाइकं तुटली, पण मी पाटी काढली नाही. तुझी वहिनी म्हणायची, तुम्हाला घड्याळाचं काही पडलेलं नाही, तुम्हाला भाऊ हरलेला बघायचाय. तिच्याशी मी दोन दिवस बोललो नाही.

बाबांची मात्र चंगळ होती. तुझ्याकडे राहायचे तेव्हा नव्या वेळेने चहा, दुकानात आले की जुन्या वेळेने पुन्हा चहा. "तुमच्या भांडणात माझा एक कप वाढला," म्हणायचे. कुणाची बाजू घेतली नाही त्यांनी. फक्त एकदा, वस्तरा पट्ट्यावर घासता घासता, माझ्याकडे न बघता म्हणाले, "धाकटा वाकतो म्हणून त्याला वाकवत बसू नकोस." मी ऐकलं नाही असं दाखवलं.

मग ते दवाखान्यात गेले. सुरुवातीला मी सकाळी दुकान उघडायच्या आधी जाऊन यायचो, तू संध्याकाळी. आपली गाठ पडणार नाही अशी सोय दोघांनीही न बोलता करून घेतली होती. नंतर त्यांना आतल्या वॉर्डात हलवलं आणि सकाळचं भेटणं बंद झालं. आठ दिवसांची दाढी वाढली होती त्यांची. आयुष्यभर लोकांचे गाल साफ करणारा माणूस, पण वॉर्डातल्या माणसाला हात लावू देईना. मोठ्यालाच बोलवा म्हणाले, त्याचाच हात हवा. तेव्हा तू फोन केलास. महिन्याभरात पहिल्यांदा तुझा आवाज ऐकला. "दादा, उद्या तीन वाजता ये. बाबांची दाढी करायचीय. मीही असेन," एवढंच बोललास. मी "बरं" म्हटलं आणि ठेवून दिला.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे, कारण मीच सगळ्यांना सांगितलंय. तू नव्या वेळेवाला, तेव्हा तीन म्हणजे नव्या वेळेचे तीन असं मी धरलं. आयुष्यात पहिल्यांदा तुझ्या घड्याळापुढे मान तुकवली, आणि माझ्या घड्याळात दोन वाजले असताना वस्तरा, ब्रश, साबणाची वाटी, तुरटी पिशवीत घालून दवाखान्याच्या फाटकाशी पोचलो. फाटक बंद. वर पाटी, भेटीची वेळ चार ते पाच. मी परत आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी तुझ्या बायकोचा फोन आला की बाबा गेले. ती रडत रडत विचारत होती, दादा तुम्ही का नाही आलात, ते जवळजवळ तासभर गळ्याशी टॉवेल गुंडाळून दाराकडे बघत बसले होते. मी म्हणालो, तीन सांगितलं होतं, तीनला आलो होतो, फाटक बंद होतं, विचार तुझ्या नवऱ्याला.

आणि त्यांच्या हनुवटीवरचा तो काप. माझी वाट बघून तू शेवटी स्वतःच हातात वस्तरा घेतला होतास, ज्याने जन्मात कधी दुसऱ्याची दाढी केली नाही त्याने. हनुवटीच्या डाव्या बाजूला पाव इंचाचा काप होता. माणसं जमली होती, शेजारी, डेपोतले लोक, आणि मी सगळ्यांसमोर मोठ्याने विचारलं, "ही दाढी कुणी केली?" तू मान खाली घालून "मी" म्हणालास. मी आणखी काही बोललो नाही. बोलायची गरजच नव्हती, ते मला चांगलं कळत होतं.

चार महिने मी हा काप लोकांना सांगत राहिलो. एकेका गिऱ्हाइकाच्या गालाला साबण लावताना सांगितला. साबण लावलेला माणूस उलट प्रश्न विचारत नाही. ज्या घड्याळाने बापलेकांची शेवटची भेट चुकवली ते घड्याळ आपल्याला हवं का, असं म्हणत मी 'नको'ची माणसं गोळा केली.

परवा शेवटची सुनावणी होती. तू माईककडे निघालास तेव्हा मी उत्तर तयार ठेवलं होतं, सायकलीच्या विनोदाहून जहाल. पण तू वेळापत्रकाचा एकही आकडा काढला नाहीस. म्हणालास, माझ्या भावाच्या दुकानात जुनी वेळ चालते, म्हणून मी त्याला त्याच्या घड्याळाची वेळ सांगितली होती. दवाखान्याचे चार म्हणजे त्याचे तीन. फक्त ती त्याच्या घड्याळाची आहे, एवढं एक वाक्य बोलायचं राहून गेलं. त्या बिचाऱ्याने माझ्यासाठी म्हणून माझी वेळ धरली. चूक माझी आहे. ज्या घरात दोन वेळा आहेत तिथे अशी चूक होणार, म्हणून मी माझी मागणी मागे घेतो. तू जाऊन खाली बसलास. तुझ्या बाजूच्या लोकांचेही हात मग 'नको'साठी वर गेले. तुझी बायको तिसऱ्या रांगेतच होती. तिने हात वर केला नाही आणि माझ्याकडे बघितलंही नाही. पुढच्या वर्षी ती पुन्हा अंधारात गोदामांच्या रस्त्याने घरी येईल.

आणि माझ्या भोवती माणसं जमली. "तुमच्या भावाने मोठं मन दाखवलं," म्हणाले. मी रुमाल डोळ्यांना लावला, तेव्हा लोकांना वाटलं मला गहिवरून आलंय.

आता ज्यासाठी हे लिहायला बसलो ते. तुझं निवेदन सोमवारी सुनावणीच्या कागदपत्रांत कायम होणार आहे, चूक माझी आहे या शब्दांसकट. त्याआधी हे पत्र घेऊन सभागृहात जा आणि वाचून दाखव. बेकरीवाला, औषधवाला, मास्तर, सगळ्यांना बोलाव. दारावरची पाटी मी आज सकाळीच काढली. त्या दिवशी फाटकावरची पाटी वाचली, मनगटावर बघितलं, माझे दोन वाजले होते, आणि मला तिथल्या तिथे कळलं की तू माझ्याच घड्याळाचे तीन सांगितलेस. तासभर थांबायचं होतं फक्त. फाटकासमोरच्या बाकावर मी पाऊण तास बसलो, पिशवी मांडीवर घेऊन. जसजसा बसत गेलो तसतसा चिडत गेलो, कारण तू वाकला होतास आणि त्यामुळे मला तुझ्यावर चिडायला जागाच उरली नव्हती. आत गेलो असतो तर बाबांनी आपल्या दोघांचे हात एकमेकांच्या हातात दिले असते. तेवढ्यात तू बसमधून उतरलास. मी उठून मागच्या गल्लीत शिरलो आणि तू फाटकातून आत जाईपर्यंत भिंतीला चिकटून उभा राहिलो. माफी मागत नाही, कारण तू ती लगेच देऊन टाकशील. तू सांगितलेली वेळ बरोबर होती, धाकट्या. तुझ्या काखेत बाबांसाठी आणलेला नवा टॉवेल होता, निळ्या पट्ट्यांचा. तो निळ्या पट्ट्यांचा होता हे मला आजवर कुणीही सांगितलेलं नाही.

तुझाच,
दादा