बोथट नाकाची काडतुसं

आबा, परवा आमच्या कॉलनीच्या विहारात वंदना झाली आणि एका नव्या सुनेनं मला दारातच गाठलं. म्हणाली, "आक्का, पंचशील म्हणताना तुम्ही पहिल्या शीलाला गप्प बसता अन् दुसऱ्यापासून म्हणायला लागता. असं का हो?" इतक्या वर्षांत हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. या पोरीचे कान तिखट निघाले. मी म्हटलं, "सुरुवातीलाच खोकला दाटतो गं बाई." तिला पटलं. गूळपाण्याचा उपायसुद्धा सांगून गेली. घरी येऊन चहा ठेवला, तो उतू गेला, ओटा पुसला आणि हा कागद पुढ्यात घेतला. तुमची आठवण येऊन डोळे भरून आले, असं काही झालेलं नाही. तुम्ही गेलात तेव्हाही झालं नव्हतं. आधीच सांगितलेलं बरं, उगीच वाट बघत बसाल.

आपल्या वस्तीत बंदूक असलेलं आपलं एकच घर. आजा जहागीरदाराच्या शिकारीत हाका उठवायचा, डबे बडवत हरणं बंदुकीपुढं आणून घालायचा. पोलीस ॲक्शननंतर जहागीरदार हैदराबादेला गेला आणि त्याची विलायती बंदूक फिरत फिरत हाका घालणाऱ्याच्याच घरात आली. पीक राखायचा परवाना तुमच्या नावावर झाला. गावात तिला कडीची बंदूक म्हणायचे. घोड्याखालची लोखंडी कडी खाली ओढायची, वर मारायची, की पुढचं काडतूस आपोआप आत. तुम्ही मात्र ती फक्त पुसायचात. गावच्या विहारात वंदना घेणारा माणूस तुम्ही. जीव घेणार नाही हे पहिलं शील रोज संध्याकाळी तुम्ही पुढं म्हणायचं आणि वस्तीनं मागून. माय चिडवायची, "आवो, ती बंदूक हाय का तानपुरा? नुसतं पुसूनच राहिले."

मग बहात्तरचा दुष्काळ आला. आपल्या रानात विहिरीशेजारी ज्वारीचा एक तुकडा तेवढा हिरवा होता. तळाचं पाणी पोहऱ्यानं शेंदून तुम्ही आणि मायनं जगवलेला. बाकी शिवार तव्यासारखं. गायरानातला हरणांचा कळप त्या तुकड्यावर यायला लागला. हाकललं की जायचा, पाठ वळली की परत. माय दिवसभर दुष्काळी कामावर खडी फोडून यायची आणि रानात जाऊन हरणांनी खाल्लेली ज्वारीची ताटं बघायची. एका संध्याकाळी ती चुलीपुढं बसून म्हणाली, "ही ज्वारी गेली तर घराला कुलूप. पोरीची शाळा बी बंद. भावाकडं पुण्याला जाऊ, इटा उचलू. तुमचं शील घेऊन तुम्ही बसा हितं." तुम्ही ताटातल्या, रेशनवर मिळणाऱ्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरीकडं बघत होता. ती भाकर तशीही गिळत नव्हती.

दुसऱ्या दिवशी तुम्ही मला घेऊन नांदेडला निघालात. मला का घेतलंत ते आजही माहीत नाही. काडतुसांच्या दुकानात म्हातारे चाचा गादीवर बसलेत, पायाशी पानदान. तुम्हाला बघून म्हणतात, "आओ पाटील, बैठो." तुम्ही हसून म्हणता, "पाटील न्हाई चाचा, आम्ही बौद्ध." चाचा हात उडवतात, "अरे, बंदूक हय ना? फिर पाटील." मी त्या दिवशी पाटलाची लेक झाले, गाडीत बसेपर्यंत.

चाचांनी नव्या काडतुसांचा डबा पुढं केला. लांब, चकचकीत, सुईसारख्या टोकाची. म्हणाले, "नोकदार लो. दूर मारता. हिरन को पता बी नै चलता." तुम्ही एक उचललंत, फिरवून बघितलंत आणि खाली ठेवलंत. "चाचा, माझ्या बंदुकीत काडतुसं नळीच्या खालच्या नळीत बसतात, एकामागं एक. मागच्याचं टोक पुढच्याच्या बुडाला. अन् बुडातच तर ठिणगी. धक्क्यानं आतल्या आत उडालं म्हंजे?" चाचा म्हणाले, "तो एक-एक भर के मारो ना." तोड तर बिनतोड होती. मला वाटलं, आता तुम्ही घेणार.

तुम्ही घेतलं नाहीत. म्हणालात, "हे भरीव टोकाचं आरपार जातं. हरीण जाग्यावर पडत न्हाई, भोक घेऊन पळतं. एरवी कुठं तरी वढ्याकाठी जाऊन मरतं. औंदा वढ्यात पाणी कुठाय? तहानेनं तडफडंल ते. मला बोथट नाकाचं द्या, मऊ शिशाचं."

"चपटे मुँह का पुराना माल हय. अन् पास जाना पडता उससे. झाडी नै, घास नै, हिरन पास आने देता क्या?"

"म्या बघतो."

चाचांनी चष्मा वर केला. "मारना बी हय, अन् रहम बी करना हय?"

"मारायचंच हाय, चाचा. सतवायचं न्हाई."

चाचांनी मग फळीच्या मागून जुनं पाकीट काढलं. तुम्ही एकेक काडतूस उजेडात धरलंत. पितळेवर हिरवा गंज चढलेली बाजूला, बूड खरवडलेली बाजूला. जी उरली त्यांचं नाक माझ्यापुढं धरून म्हणालात, "नख लाव बाई. शिशाला नख उमटलं पाहिजे." मी नख लावलं. चंद्रकोरीएवढी खूण उमटली. पुढं नर्सच्या नोकरीत पेशंटच्या सुजलेल्या पायावर बोट दाबून बघताना मला दरवेळी ते शिसं आठवायचं. त्यात दुःख वगैरे नाही, नुसतं आठवायचं.

घरी आल्यावर मायनं कपाळ बडवून घेतलं. "लांब मारायचं सोडून जवळचं आणलं! माणसं उपाशी मरून राहिली अन् ह्यांना हरणाच्या तहानेची पडलीया." तुम्ही कुदळ घेऊन रानात गेलात. ज्वारीच्या कडेला खड्डा खणलात, अंगावर तुराट्या पसरल्यात आणि पहाटेपासून त्यात पडून राहायला लागलात. कळप यायचा, तुमच्यापासून हाकेच्या आत चरायचा, तुम्ही बघत राहायचात. घरी आलात की माय विचारायची, "बार का न्हाई ऐकू आला?" तुम्ही म्हणायचात, "आडवं उभं न्हाई राहिलं. बार काळजात कसा बसंल?" कितीतरी सकाळी हेच. ताटं कमी होत चालली. मायनं गोधड्या बांधायला काढल्या. तेव्हा मला तुमचा राग आला होता, हे मात्र स्वच्छ आठवतं. पुण्याला जायचं म्हणजे शाळा सुटायची, आणि मला शाळा सोडायची नव्हती. वाटायचं, मारा ना एकदाचं.

त्या सकाळी मी भाकर घेऊन आले तर तुम्ही खड्ड्यातूनच हात केलात, बस म्हणून. मी बांधाआड बसले. कळप आला. पुढचं हरीण ज्वारीत शिरलं, एक ताट ओढलं, आडवं उभं राहिलं. बार झाला. माझे कान बंद पडले. बाकीची उधळली, ते मात्र होतं तिथंच बसल्यासारखं खाली गेलं. पायसुद्धा झाडला नाही. तुम्ही कडी ओढलीत, रिकामं पितळ मातीत पडलं, त्यातून धूर निघत होता. तुमचे डोळे मिटलेले. मला विचारलंत, "पळालं न्हाई ना गं?" मी म्हटलं, "न्हाई आबा." तुम्ही पुन्हा विचारलंत. मी पुन्हा सांगितलं. त्यानंतर कळप त्या तुकड्याकडं फिरकला नाही. उरलेली ज्वारी आपण खळ्यावर आणली, गोधड्या परत वळणीवर गेल्या आणि माझी शाळा राहिली.

मटण सगळ्या वस्तीत वाटलं. तेव्हा परवान्यावर हे चालायचं, कायदा नंतर कडक झाला. तुम्ही जेवला नाहीत, डोकं दुखतं म्हणालात. संध्याकाळी विहारात नेहमीसारखे पुढं बसलात, त्रिशरण म्हटलंत आणि पहिल्या शीलाशी थांबलात. मागची माणसं घोटाळली. एका म्हातारीला वाटलं तुम्ही विसरलात, तिनं मोठ्यानं सुरू केलं, मग सगळ्यांनी म्हटलं. तुम्ही दुसऱ्यापासून पुढं म्हणालात. तेव्हापासून तसंच पडलं. पहिलं वस्तीनं म्हणायचं, बाकीची चार तुम्ही. माय म्हणाली, "आवो, म्हणा की. कोण ऐकतंय?" तुम्ही म्हणालात, "मलाच ऐकू येतंय न्हवं."

मग लातूर जिल्हा झाला. आपला तालुका तिकडं गेला, उस्मानाबादचे हेलपाटे संपले आणि तुम्हाला बंदूक जमा करायची घाई झाली. मी तेव्हा नांदेडला नर्स होते, सुट्टी काढून आले. गोधडीत गुंडाळलेली बंदूक मांडीवर घेऊन तुम्ही एसटीत बसलात, कंडक्टरनं विचारलं तर म्हणालात, "जुनं सामान हाय." लातूरच्या नव्या कचेरीत भिंतींना रंगाचा वास होता. तिथल्या बाबूनं विचारलं, जमा का करता? तुम्ही म्हणालात, "हरणंच उरली न्हाईत, साहेब." बाहेर येऊन तुम्ही टपरीवर दोन कप चहा प्यालात. मला वाटलं, सुटलात. संध्याकाळी विहारात मी मुद्दाम तुमच्या शेजारी बसले आणि पहिल्या शीलाची वाट बघितली. तुम्ही गप्प. येताना मी विचारलं तर म्हणालात, "बंदूक जमा झाली बाई. शील काय पावतीवर परत मिळतंय?" आणि हसलात. तुमचं ते हसू मला आवडायचं नाही.

तुम्ही गेलात तेव्हा अंगणात सगळ्यांनी वंदना घेतली. पहिल्या शीलाला तुमच्या जागी मी थांबले. बायका म्हणाल्या, लेकीचा कंठ दाटलाय. दाटला नव्हता. आत काहीच हलत नव्हतं, नख लावलं तरी खूण उठली नसती. तेव्हापासून थांबतेच आहे. तुमच्या मानासाठी थांबते असं आधी मला वाटायचं, दुष्काळानंतर झालेल्या धाकट्या भावालाही तसंच सांगितलं. त्यालाही पटलं. लोकांना लवकर पटतं.

हा कागद पाठवायचा कुठं, म्हणून घडी घालून साड्यांखाली ठेवून देईन. पण एक लिहायचं राहिलंय. त्या दिवशी तुमच्या वाटणीचं कालवण मायनं माझ्या ताटात ओतलं होतं. आबा, लई गोड लागलं हो. मिलोची ती भाकर पहिल्यांदा गपागप घशाखाली उतरली. बोटं चाटली, पातेलं पुसून खाल्लं. आणि दुसऱ्या दिवशी उठल्या उठल्या मी मायला विचारलं, "आबा परत कधी मारणार?" तुम्ही तिथंच बाजेवर भिंतीकडं तोंड करून पडला होता. जागे होता की झोपला होता, ते मला आजपर्यंत कळलेलं नाही.