जिवंतपणीचा दहावा

अण्णा, तुमचं नाटक पुन्हा सुरू झालंय. मी ते पाहिलं आणि मला किळस आली.

तुम्ही असताना ज्या लॅबमध्ये लागले होते तिथेच अजून आहे. दिवसभर लोकांचं रक्त, थुंकी, लघवी हाताळते. सकाळी सात वाजता बायाबापड्या औषधाच्या जुन्या बाटल्यांतून काय काय घेऊन येतात. आमच्याकडे नवीन लागलेल्या मुली पहिला महिनाभर धड जेवत नाहीत. मला मात्र त्या कशाची कधी किळस आली नाही. ती आली गेल्या महिन्यातल्या एका रविवारी संध्याकाळी, कॉलेज रोडवरच्या एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर, ऐंशी खुर्च्यांच्या छोट्या हॉलमध्ये. माझ्या शेजारी एक चांगल्या घरचा वाटणारा माणूस बसला होता आणि त्याच्या पलीकडे त्याची बायको. तुमच्या नाटकातला नवरा बायकोच्या नावाने पिंड ठेवायला बसला, तसा हा माणूस मांडीवर थापा मारत हसायला लागला. त्याची बायको त्याच्या दंडाला धरून त्याच्यापेक्षा जास्त हसत होती. दोघांचे हिरडीपर्यंतचे दात दिसत होते. मला तिथून उठून जावंसं वाटलं, पण एका बाजूला आई बसली होती आणि तिला जिन्याला हात द्यावा लागतो.

नाटक तुमचंच आहे, तरी गोष्ट इथे लिहिते, कारण इतक्या वर्षांत मी ती कोणाला सांगितलेली नाही. एक नवरा बायकोला कंटाळलेला असतो. सोडून देण्याची हिंमत नसते, म्हणून तिच्यातून मन तरी सुटावं यासाठी तो गुपचूप गोदावरीच्या घाटावर येतो आणि गुरुजींना म्हणतो, बायको जिवंत आहे, पण तिचा दहावा घालायचाय. गुरुजी म्हणतात, थांबा, आधीचे यजमान आटोपू देत. आधीचे यजमान म्हणजे त्याचीच बायको. ती त्याचा दहावा घालत असते. मग दोघं शेजारीशेजारी पिंड ठेवून बसतात आणि कावळा दोन्ही पिंडांना शिवत नाही. गेलेल्या माणसाची काहीतरी इच्छा राहिली असणार, ती बोलून दाखवा, असं गुरुजी सांगतात. दोन तास दोघं एकमेकांच्या राहून गेलेल्या इच्छा ओळखत बसतात आणि एकही बरोबर येत नाही. लोक हसून हसून बेजार होतात. अंबडच्या कारखान्यात आठ-आठ तास लेथवर उभं राहणाऱ्या माणसाला हे सुचलं कसं, असं तेव्हा सगळे म्हणायचे. मला माहीत होतं कसं सुचलं ते.

मी अकरा वर्षांची होते. तुमच्या कारखान्याच्या ऑफिसातली टायपिस्ट बाई तुमच्या नाटकांत काम करायची, आणि तुम्ही तालमीनंतर तिला सायकलवरून सोडायला जाता हे आमच्या सगळ्या कॉलनीला ठाऊक होतं. आईला सगळ्यांत शेवटी कळलं. ती मला घेऊन वणीला मामाकडे गेली. सात आठवडे आम्ही तिथे होतो. मामी चांगली होती, पण गावातल्या बायका देवीच्या गडावर जाता-येता डोकावायच्या आणि विचारायच्या, "काय वं, अजून हायेस का?" एक दिवस आईने पिशवी भरली आणि आम्ही एसटीने परत आलो. तुम्ही दार उघडलंत. अंगात बनियन होतं आणि हाताला चटणी लागली होती. म्हणालात, "आलीस?" त्यावर आई म्हणाली, "तुमच्यासाठी नाही आले. कुकरची शिट्टी इथे राहिली होती, ती न्यायला आले." मी तिच्या मागे उभी होते. तो दरवाजा, ती चटणी, ते वाक्य, सगळं मला आत्ताही दिसतंय, ऐकू येतंय.

सहा महिन्यांनी कामगारांच्या नाट्यस्पर्धेत तुमचं नाटक लागलं. त्याआधी एका सकाळी तुम्ही आईला म्हणालात, "एखादी साडी दे, नाटकाला हवीय." तिने ट्रंकेतली जांभळी साडी काढली, इस्त्री केली आणि वर्तमानपत्रात गुंडाळून दिली. प्रयोगाला आम्ही तिसऱ्या रांगेत बसलो. पडदा वर गेला आणि ती टायपिस्ट बाई आईच्या साडीत घाटावर बसलेली होती. मी आईकडे बघितलं, ती समोर बघत होती. मध्यंतराच्या जरा आधी नवरा बायकोला विचारतो, मग त्या वेळी माहेराहून परत कशाला आलीस? आणि ती बाई पदर खोचून म्हणते, तुमच्यासाठी नाही आले, कुकरची शिट्टी राहिली होती. सगळं थिएटर कोसळलं. मागे कोणीतरी शिट्टीच वाजवली. टाळ्या थांबेनात म्हणून ती बाई तशीच कमरेवर हात ठेवून उभी राहिली, आईच्या साडीत, आईचं वाक्य बोलून. आई हसत होती. लोकांत अपमान नको म्हणून हसतेय असं मला वाटलं, आणि मी तिचा हात घट्ट धरला.

दुसऱ्या दिवशी तुम्ही स्वयंपाकघरात पाटावर बसून चहा पीत होतात. समोर बक्षिसाची ढाल होती. मी म्हणाले, "मला तुमच्या नाटकाची किळस आली." तुम्ही रागावला नाहीत. बशी खाली ठेवलीत आणि म्हणालात, "आली ना? मग तू नीट बघितलंस. बाकीचे नुसते हसले." मला हे फार निर्लज्ज वाटलं. आई पोळ्या लाटत होती, तिने मान वर केली नाही. मग तुम्हीच मला दटावलंत, "आणि वडिलांशी बोलताना आवाज खाली." तेव्हापासून तुमच्याशी बोलताना माझा आवाज खालीच राहिला. तुम्ही जाईपर्यंत.

साडी परत आली तेव्हा तिला पावडरचा आणि दुसऱ्याच कोणाच्या घामाचा वास येत होता. आईने ती दोनदा धुतली, कापली आणि गोधडीला आतल्या बाजूने लावली. ती गोधडी तुम्हाला दिली. पुढे कितीतरी हिवाळे तुम्ही ती अंगावर घेऊन झोपलात. आतून काय लावलंय हे तुम्हाला कळलं होतं का, हे मी कधी विचारलं नाही. टायपिस्ट बाईंची पुढे बदली झाली आणि तुमचं नाटक लिहिणंही थांबलं.

तुमच्या खऱ्या दहाव्याला रामकुंडावर मी गेले होते. चुलतभावाने पिंड ठेवला आणि आम्ही मागे सरकतोय तोवर कावळ्याने चोच मारली. इतक्या लवकर शिवलेला मी कधी पाहिला नव्हता. आई माझ्या कानाशी म्हणाली, "बघ, यांची एकही इच्छा राहिलेली नव्हती." तुमचे कारखान्यातले एक मित्र जवळच उभे होते, त्यांना ते ऐकू गेलं. त्यांनी रुमाल तोंडाशी धरला, पण खांदे हलत होते. बाजूला दुसऱ्या कोणाच्या तरी घरची बाई ऊर बडवून रडत होती. मला आईचा आणि त्या मित्रांचा, दोघांचाही संताप आला होता, आणि तुमचा सर्वांत जास्त. मेल्यावरसुद्धा तुम्ही लोकांना हसवत होतात.

यंदा त्याच मित्रांकडून एका मुलीला तुमच्या नाटकाची टाइप केलेली प्रत मिळाली. पंचविशीची असेल. तिचा नाटकाचा ग्रुप आहे. परवानगी मागायला ती थेट लॅबमध्ये आली आणि रिपोर्ट घ्यायला आलेल्या लोकांच्या रांगेत उभी राहिली. मी बाहेर येऊन तिला सांगितलं, "ते नाटक घाण आहे. दुसरं एखादं करा."

ती म्हणाली, "मॅडम, आम्ही वाचन केलं तेव्हा आमच्यातली एक जण हसता हसता रडायला लागली. तिचं नुकतंच लग्न मोडलंय. म्हणाली, मला इतक्या दिवसांत पहिल्यांदा बरं वाटलं."

"घरच्या भांडणांचा तमाशा बघून बरं वाटतं?"

"दुसऱ्याच्या घरच्या," ती म्हणाली. "स्वतःच्या घरातलं बघून कोण हसणार?"

मी नाही म्हणून तिला परत पाठवलं. घरी येऊन आईला सांगितलं, तर ती ऐकायला तयार नाही. एकोणऐंशी वर्षांची आहे. कानाला यंत्र लावते आणि टीव्हीचा आवाज तरीही मोठा ठेवते. म्हणाली, "दे की परवानगी. तुझं काय जातंय? मला बघायचंय."

म्हणून मी परवानगी दिली आणि तिला घेऊन गेले. शिट्टीचं वाक्य जवळ येऊ लागलं तशी मी खुर्चीचा दांडा धरून बसले. आता ते काम करणारी मुलगी जीन्सवर साडी नेसते, उठता-बसता सहज बोलते, तुमच्या त्या बाईंपेक्षा फार चांगली आहे. वाक्य आलं. ऐंशी माणसं एकदम फुटली. शेजारच्या माणसाने बायकोला कोपराने ढोसलं, म्हणजे तूच गं ही. आणि आई, अण्णा, आईने कवळी पडू नये म्हणून तोंडावर हात धरला होता आणि तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. शेवट तुम्हाला आठवत असेल. बायको कंटाळून म्हणते, यांची एकच इच्छा होती, मी यांच्या आधी जावं; आणि कावळा येतो. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. एकमेकांच्या मरणाची वाट पाहणारी दोन माणसं बघून ही लग्नाची माणसं हातात हात घालून खाली उतरत होती, भेळ कुठे खायची हे ठरवत होती.

रिक्षात मी आईला म्हणाले, "तुला कसं हसवतं गं? त्यांनी तुझं वाक्य उचललं, तेही त्या बाईच्या तोंडी घातलं."

"कुठलं वाक्य?"

"शिट्टीचं."

आईने यंत्र नीट बसवलं. "ते माझं नाही. मी असलं काही बोललेच नव्हते."

"मी तिथे होते, आई. दारात. तुझ्या मागे."

"होतीस. अण्णा म्हणाले, आलीस? मी काहीच बोलले नाही. आत गेले, हातपाय धुतले आणि कणीक मळायला घेतली. काय बोलणार होते? वणीहून पिंपळगावपर्यंत एसटीत ठरवत आले होते काय काय बोलायचं ते, आणि दारात आल्यावर सगळं पुसलं गेलं." मग म्हणाली, "नाटकात ऐकलं तेव्हा वाटलं, अगं हेच. हेच म्हणायला हवं होतं. त्यांना सुचलं, मला नाही सुचलं."

"आणि साडी?"

"साडीचं मी त्यांना माफ केलेलं नाही," आई म्हणाली. "वाक्य चांगलं होतं."

रिक्षावाला आरशातून आमच्याकडे बघत होता. घरी आल्यावर आईला गोळ्या दिल्या आणि स्वयंपाकघरात नुसती उभी राहिले. चाळीस वर्षं मी एका चोरीसाठी तुमचा तिरस्कार केला आणि ती चोरी झालीच नव्हती. तुमच्या नाटकाने माझ्या डोक्यातला तो खरा दरवाजा काढून तिथे आपला दरवाजा बसवला होता. मी आईला गप्प आठवायचा प्रयत्न केला. हातपाय धुणारी, कणीक मळणारी. नाही जमत. ती दारात उभी राहते आणि शिट्टीचंच बोलते. याचीही मला किळस येते, कदाचित सगळ्यांत जास्त याचीच. आई म्हणते तुम्ही तिला वाक्य दिलंत. मला वाटतं तिची ती गप्प उभी राहिलेली वेळ तेवढी तिच्याकडे होती, ती तुम्ही घेतलीत. चूक तुमची होती, आणि तुम्ही तिचं खरं दुःख ऐकून न घेता त्याला हशा लावलात. तो हशा आला, ढाल आली, आणि माफी मागायचं राहून गेलं. लोकांना तुमचं नाटक आवडतं ते बहुधा याचमुळे. दोन तास हसलं की घरी जाऊन काही बोलावं लागत नाही.

हे सगळं तुम्हाला तोंडावर सांगायला हवं होतं, आवाज खाली न ठेवता. आता कागद चार झालेत. पाकिटावर काय लिहायचं हा प्रश्न नाही. पाकीटच आणलेलं नाही.

एक सांगायचं राहिलं. आईबरोबरच्या त्या प्रयोगानंतर मी आणखी दोनदा जाऊन आले, एकटी, मागच्या रांगेत. दुसऱ्या वेळी कावळा येतो तिथे हसले, मोठ्याने, पुढच्या बाईने मागे वळून बघितलं इतक्या मोठ्याने. उद्या परत प्रयोग आहे. घरी सांगितलंय, लॅबमध्ये तपासणीला माणसं येणार आहेत, उशीर होईल.